अडीचशे वर्षांपूर्वीची अमेरिकी पॅम्फ्लेटं: कुठे शोधायची, कशी वाचायची, कुठे फसायला होतं

अमेरिकेचं स्वातंत्र्य, साखर-रमचा व्यापार आणि गुलामगिरी यांवर त्या काळात छापलेल्या पुस्तिका मुळातून वाचाव्यात, असं बऱ्याच जणांना वाटतं. कुणाचा एम.ए.चा प्रबंध असतो, कुणी बोस्टन-न्यू जर्सीकडे राहत असतं आणि हाताशी ग्रंथालयं असतात, कुणाला फुल्यांपर्यंत पोचलेला टॉमस पेन कोण होता हे बघायचं असतं. पण सुरुवात केली की दोन दिवसांत डोकं गरगरतं. एकाच मजकुराला दोन नावं, लेखकाचं नाव गायब, शोधखिडकीत शब्द टाकला की भलतंच समोर. या वाटेनं मी बरीच वर्षं ये-जा करतोय, त्यामुळे कुठे खड्डे आहेत ते सांगू शकतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवतीच आहे: यातली कुठलीही पुस्तिका एकटी वाचू नका. ती कुणाला तरी दिलेलं उत्तर असते आणि तिलाही कुणीतरी उत्तर दिलेलं असतं. दोन्ही सापडेपर्यंत मत बनवायचं नाही.

१. आधी हे प्रकरण काय आहे ते समजून घ्या

छापखान्यातले मोठे ताव दुमडायचे, कडेला भोकं पाडून दोऱ्यानं टाचायचे आणि पुठ्ठ्याशिवाय विकायचे, ही झाली पुस्तिका. किंमत शिलिंग-दोन शिलिंग, पानं पाच-पंचवीसपासून शंभरापर्यंत कितीही. ब्रिटन आणि त्याच्या अमेरिकी वसाहतींच्या भांडणाशी संबंधित अशा चारशेहून अधिक पुस्तिका १७५० ते १७७६ या काळात निघाल्या, असं बर्नार्ड बेलिन या इतिहासकारानं मोजलं आहे. याशिवाय एकपानी पत्रकं वेगळीच. १७६५च्या स्टॅम्प कायद्यानं वर्तमानपत्रांबरोबर पुस्तिकांवरही कर बसवला होता, म्हणजे करावर भांडणाऱ्या वस्तूवरच कर. छापखानेवाले का खवळले ते लक्षात येईल.

चारशे हा आकडा बघून घाबरू नका. सगळं वाचायला कुणीच बसत नाही.

२. एक भांडण निवडा

नवखे लोक 'अमेरिकन क्रांती' असा शोध घेतात आणि बुडतात. त्यापेक्षा एक गाव, एक वर्ष, एक वाद धरा. मी सगळ्यांना ऱ्होड आयलंडचा १७६४-६५चा वाद सुचवतो, कारण व्यापार, गुलामगिरी आणि स्वातंत्र्य हे तिन्ही धागे तिथे एकाच गाठीत सापडतात.

पार्श्वभूमी थोडक्यात. १७६४च्या शुगर कायद्यानं परदेशी मळीवरचा कर गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्स केला. कर कमी झाला तर लोक खूश व्हायला हवेत, नाही का? पण सहा पेन्स कुणी भरतच नव्हतं, सगळा माल चोरून यायचा. आता तीन पेन्स खरोखर वसूल होणार होते. ऱ्होड आयलंडचा जीव या मळीत होता. आपल्याकडे साखर कारखान्याशेजारी मळीवर चालणारी डिस्टिलरी असते तसंच तिथे, फक्त ऊस कॅरिबियन बेटांवर आणि भट्ट्या न्यूपोर्ट-प्रॉव्हिडन्सला. जानेवारी १७६४मध्ये वसाहतीनं लंडनला पाठवण्यासाठी जे निवेदन तयार केलं त्यात आकडे आहेत: वर्षाला सुमारे १४,००० पिंपं मळी येते, त्यातली इंग्रजी बेटांवरून जेमतेम २,५००. तीसच्या वर भट्ट्या. आणि दरवर्षी सुमारे अठरा जहाजं १,८०० पिंपं रम घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याला जातात. परत येताना त्यांत काय भरलेलं असतं, हे त्या निवेदनातच सरळ व्यापाराच्या भाषेत सांगितलं आहे: गुलाम.

याच वातावरणात गव्हर्नर स्टीफन हॉपकिन्स यांनी 'द राइट्स ऑफ कॉलनीज एक्झॅमिन्ड' लिहिली. प्रॉव्हिडन्सला विल्यम गॉडर्डनं छापली, मुखपृष्ठावर १७६५. तिथून पुढे साखळी अशी:

न्यूपोर्टच्या मार्टिन हॉवर्ड या वकिलानं पार्लमेंटची बाजू घेत 'हॅलिफॅक्सच्या एका सद्गृहस्थाचं पत्र' या नावानं उत्तर छापलं. बोस्टनच्या जेम्स ओटिसनं हॉवर्डला उत्तर दिलं. हॉवर्डनं आपल्या पत्राचा बचाव छापला. ओटिसनं त्या बचावावर पुन्हा 'थोडक्यात शेरे' लिहिले. हे सगळं १७६५ या एकाच वर्षात. त्या ऑगस्टमध्ये न्यूपोर्टच्या जमावानं हॉवर्डचा पुतळा टांगला, घर फोडलं आणि तो जहाजात बसून इंग्लंडला पळाला. वादाची पातळी कुठवर गेली होती ते यावरून कळावं.

३. हाताशी काय लागेल

यादी फार मोठी नाही.

- एक वही किंवा एक्सेलची फाइल. रकाने: लहान शीर्षक, मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव, खरा लेखक, छापणारा, गाव, वर्ष, पानं, कुठल्या ग्रंथालयाची प्रत, ती कुणाला उत्तर आहे. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा.
- टॉमस ॲडम्स यांच्या दोन सूच्या. १९६५ची अमेरिकेत छापलेल्या राजकीय पुस्तिकांची, १९८०ची ब्रिटनमध्ये छापलेल्यांची. कोण कुणाला उत्तर देतंय आणि कुठली आवृत्ती कुठल्या क्रमानं आली, ते यात सापडतं.
- चार्ल्स इव्हान्स यांची अमेरिकी मुद्रितांची सूची. यातला 'इव्हान्स क्रमांक' म्हणजे पुस्तिकेचा आधार नंबर समजा. शीर्षकं लांबलचक आणि गोंधळाची असतात, क्रमांक बदलत नाही. लंडनला छापलेल्या पुस्तिकांसाठी 'इंग्लिश शॉर्ट टायटल कॅटलॉग'चा क्रमांक.
- प्रत्यक्ष ग्रंथालयात जाणार असाल तर फोटो असलेलं ओळखपत्र, भारतातून जाणाऱ्यांना पासपोर्ट. विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकांचं पत्र जवळ ठेवा, सगळीकडे मागत नाहीत पण असलेलं बरं.
- पेन्सिल. पेन नव्हे. कारण पुढे येईल.

४. घरबसल्या फुकटात काय मिळतं

बरंच मिळतं. प्रॉव्हिडन्सच्या जॉन कार्टर ब्राउन लायब्ररीनं आपल्या पुष्कळ पुस्तिका इंटरनेट आर्काइव्हवर चढवल्या आहेत, पानापानाच्या फोटोंसकट. मिशिगन विद्यापीठाकडे इव्हान्सच्या सूचीतले जवळपास पाच हजार मजकूर हातानं टाइप करून खुले ठेवले आहेत. जेफरसन, फ्रँकलिन, हॅमिल्टन यांची पत्रं आणि लेखन 'फाउंडर्स ऑनलाइन'वर टिपांसह मोफत आहे. गूगल बुक्स आणि हाथीट्रस्टमध्येही हात घालून बघा, पण तिथे एकोणिसाव्या शतकातली पुनर्मुद्रणं मूळ म्हणून समोर येतात, तेव्हा मुखपृष्ठाचा फोटो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रीडेक्स आणि गेल या कंपन्यांचे जुन्या मुद्रितांचे मोठे ऑनलाइन संग्रह विकत आहेत आणि एकट्या माणसाला परवडत नाहीत. विद्यापीठाच्या ग्रंथपालांना विचारा. 'आपल्याकडे नसेल' असं गृहीत धरून लोक विचारतच नाहीत.

पीडीएफ उतरवताना नुसता मजकूर घेऊ नका, पानांचे फोटो घ्या. का, ते पुढच्या पायरीत.

५. शोधखिडकीत 'एफ' टाकायला शिका

त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांबट असायचा, जवळजवळ 'एफ'सारखा, फक्त आडवी रेघ अर्धी. संगणक त्याला सर्रास 'एफ' समजतो. त्यामुळे यांत्रिकपणे वाचलेल्या मजकुरात 'शुगर'चं 'फुगर' झालेलं असतं, 'स्लेव्ह'चं 'फ्लेव्ह'. शोधताना दोन्ही टाका. मळीच्या इंग्रजी शब्दाचं तर विचारूच नका. तेव्हा तो 'मेलासेस', 'मोलॉसेस' असा मनाला येईल तसा लिहीत आणि मधले दोन्ही 'एस' लांबट, म्हणजे यंत्राला ते 'मेलाफ्फेस' दिसतं. मिशिगनचे मजकूर माणसांनी टाइप केलेले असल्यामुळे तिथे ही भानगड नाही. म्हणून शोध तिथे घ्या, आणि सापडलेलं वाक्य फोटोवर पडताळा.

दुसरा सापळा 'गुलामगिरी' या शब्दाचाच. तो टाकलात की शेकडो निकाल येतील, आणि त्यातल्या बहुतेकांत आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचा पत्ताच नसेल. आपल्या संमतीशिवाय लावलेला कर म्हणजे गुलामगिरी, असं हे लेखक बिनदिक्कत लिहितात. हॉपकिन्स यांची पुस्तिका उघडते तीच मुळी स्वातंत्र्य हे सर्वांत मोठं वरदान आणि गुलामी हा सर्वांत जड शाप, या विधानानं. पुढची सगळी पानं पार्लमेंट आणि करांबद्दल आहेत. खऱ्या गुलामांबद्दलचं लेखन हवं असेल तर 'आफ्रिकन', 'निग्रो', 'गिनी' (म्हणजे पश्चिम आफ्रिकेचा किनारा) या तेव्हाच्या शब्दांनी शोधा.

६. मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नका

इथेच सगळ्यांत जास्त लोक आपटतात, म्हणून जरा थांबून.

*नाव.* बहुतेक पुस्तिका निनावी किंवा टोपणनावानं. हॅलिफॅक्सचा सद्गृहस्थ हॅलिफॅक्सचा नव्हता, न्यूपोर्टचा होता. १७७४मध्ये न्यूयॉर्कला वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेविरुद्ध, म्हणजे काँग्रेसविरुद्ध, लिहिणारा 'वेस्टचेस्टरचा शेतकरी' हा सॅम्युअल सीबरी नावाचा पाद्री होता, आणि त्याला उत्तर देणारा निनावी लेखक म्हणजे कॉलेजात शिकणारा अलेक्झांडर हॅमिल्टन. जेफरसनची १७७४ची पुस्तिका विल्यम्सबर्गला क्लेमेंटिना रिंड या बाईंच्या छापखान्यातून निघाली, तिच्यावरही त्याचं नाव नाही.

*एकच आडनाव.* गव्हर्नर स्टीफन हॉपकिन्स आणि न्यूपोर्टचे पाद्री सॅम्युअल हॉपकिन्स ही दोन वेगळी माणसं. पाद्रीबुवांनी १७७६मध्ये आफ्रिकनांच्या गुलामगिरीविरुद्ध संवादरूपात पुस्तिका लिहिली आणि ती थेट काँग्रेसला अर्पण केली. सूचीत दोघं शेजारी-शेजारी येतात आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधात एकमेकांत मिसळतात.

*शीर्षक.* हॉपकिन्स यांची पुस्तिका लंडनच्या जॉन आल्मननं १७६६मध्ये पुन्हा छापली, पण 'द ग्रीव्हन्सेस ऑफ द अमेरिकन कॉलनीज कँडिडली एक्झॅमिन्ड' अशा नव्या नावानं. दोन पुस्तिका सापडल्या म्हणून आनंदू नका, मजकूर तोच आहे.

*मजकूर.* ब्रिटनपासून वेगळं व्हा असं उघड सांगणारी टॉमस पेनची पुस्तिका म्हणजे 'कॉमन सेन्स'. ती जानेवारी १७७६मध्ये फिलाडेल्फियाला रॉबर्ट बेलनं छापली, किंमत दोन शिलिंग. पैशांवरून दोघांचं बिनसलं. पेननं वाढवलेली आवृत्ती ब्रॅडफर्ड पिता-पुत्रांकडे दिली, अर्ध्या किमतीत. बेलही आपली आवृत्ती काढतच राहिला. तिकडे लंडनला आल्मननं छापताना राजाबद्दलची झोंबरी वाक्यं गाळली आणि त्यांच्या जागी कोऱ्या जागा सोडल्या. काही मालकांनी त्या जागा शाईनं हातानं भरून काढल्या. म्हणून 'मी कॉमन सेन्स वाचलं' एवढं पुरत नाही, कुठलं ते सांगावं लागतं. जाता जाता, लाख-दीड लाख प्रती खपल्याचा आकडा सगळीकडे दिसेल. तो खुद्द पेननं सांगितलेला आहे, छापखान्यांच्या हिशेबातून आलेला नाही. वापरायचाच तर 'पेनच्या म्हणण्यानुसार' हे शब्द जोडा.

*तारीख.* इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जुन्या व्यापारी पुस्तिकांवर 'फेब्रुवारी १७३१' दिसलं तर ते आपल्या हिशेबानं १७३२ असू शकतं.

*पैसे.* बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, इथवर सोपं. पण प्रत्येक वसाहतीचं चलन वेगळं आणि स्टर्लिंगपेक्षा, म्हणजे इंग्लंडच्या पौंडापेक्षा, हलकं. रकमांची तुलना करण्याआधी कुठले पौंड ते बघा.

७. शेजारी हिशेबाची वही ठेवा

पुस्तिकेला पुस्तिकेनंच उत्तर मिळतं असं नाही. हॉपकिन्स यांची पुस्तिका तयार होत होती त्याच हिवाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ एसेक 'सॅली' नावाच्या जहाजाचा कप्तान म्हणून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर होता. जहाज प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन बंधूंचं, निघालं सप्टेंबर १७६४मध्ये, पोटात १७,२७४ गॅलन रम. म्हणजे आजच्या मापानं पासष्ट हजार लिटर. एसेकनं १९६ माणसं विकत घेतली, त्यातली किमान १०९ मेली.

त्या फेरीची हिशेबवही शिल्लक आहे आणि तिची पानं ऑनलाइन बघता येतात. एका बाजूला रमचे गॅलन, दुसऱ्या बाजूला माणसं. पुढे मृत्यूंची नोंद, क्रमांक घालून: एक बाई मेली, एक मुलगा मेला. कप्तानानं ती सौद्यांच्याच वहीत, त्याच अक्षरात केली आहे. ही वही जॉन कार्टर ब्राउन लायब्ररीत आहे, आणि हे ग्रंथालय ज्याच्या नावानं आहे तो जहाजाच्या एका मालकाचा नातू. 'गुलामी हा सर्वांत जड शाप' हे वाक्य वाचून झालं की ही वही उघडा. स्टीफन हॉपकिन्स स्वतःही गुलाम बाळगून होते, आणि १७७४मध्ये वसाहतीत नवे गुलाम आणण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यामागेही तेच होते. माणूस एका ओळीत बसवायची घाई करू नका.

८. गुलामगिरीवरच्या पुस्तिकांच्या जोड्या लावा

इथेही तोच नियम. बोस्टनचा न्यायाधीश सॅम्युअल स्यूअल याची १७००ची तीन पानी 'द सेलिंग ऑफ जोसेफ' वाचा, मग जॉन सॅफिननं १७०१मध्ये दिलेलं उत्तर. बेंजामिन रश यांची १७७३ची पुस्तिका आणि त्याच वर्षीचं रिचर्ड निस्बेटचं उत्तर, ज्यात बायबलात गुलामगिरीला मनाई नाही असा दावा आहे. फिलाडेल्फियाचे शिक्षक, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे अँथनी बेनेझेट यांनी आफ्रिकेतल्या प्रवाशांच्या वर्णनांतून पुस्तिका रचल्या. त्यांचं गिनीवरचं लेखन वाचूनच पुढे इंग्लंडमध्ये टॉमस क्लार्कसन गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या चळवळीत उतरला.

आणि गुलाम केलेल्या माणसांनी स्वतः छापलेलं एक पत्रक चुकवू नका. २० एप्रिल १७७३, बोस्टन. पीटर बेस्टेस, सॅम्बो फ्रीमन, फेलिक्स होलब्रुक आणि चेस्टर जोई यांच्या सह्या. गेल्या अधिवेशनात विधिमंडळानं स्वतःला गुलामगिरीतून सोडवण्यासाठी जे प्रयत्न केले ते पाहून, प्रत्यक्ष त्याच अवस्थेत असलेल्या आम्हांला फार समाधान वाटलं, असं ते सुरुवातीलाच लिहितात. इतका सभ्य टोला मी दुसरा वाचलेला नाही.

९. भारताचा धागा कुठे लागतो

ओढूनताणून जोडू नका, जिथे आहे तिथे तो पक्का आहे. डिसेंबर १७७३मध्ये बोस्टनच्या बंदरात जो चहा फेकला तो ईस्ट इंडिया कंपनीचा. त्याच्या थोडं आधी, नोव्हेंबरात, जॉन डिकिन्सननं 'रस्टिकस' या नावानं फिलाडेल्फियात पत्रक काढलं. त्यात कंपनीनं आशियात काय केलं ते बघा, दुष्काळात लाखो माणसं मेली, आता ही आपल्याकडे येतेय, असा इशारा आहे. हा बंगालचा १७७०चा दुष्काळ. १७९१मध्ये इंग्लंडात विल्यम फॉक्सच्या पुस्तिकेनं गुलामांनी पिकवलेल्या वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्काराची हाक दिली, आणि पुढे दुकानदार भारतातली साखर 'गुलामांनी न बनवलेली' म्हणून विकू लागले. आणि जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पेनचे विचार त्यांच्यापर्यंत पोचले होते हे सर्वश्रुत आहे.

१०. प्रत्यक्ष ग्रंथालयात जाताना

प्रॉव्हिडन्सची जॉन कार्टर ब्राउन, वुस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी, फ्रँकलिननं १७३१मध्ये सुरू केलेली फिलाडेल्फियाची लायब्ररी कंपनी, बोस्टनची मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी. प्राध्यापक नसलात तरी दार बंद नाही. आधी ईमेल करा, कुठल्या पुस्तिका हव्यात ते क्रमांकांसह कळवा. ऑनलाइन असलेलीच प्रत मागितली तर 'मूळ कशासाठी?' असं विचारतील, आणि ते बरोबरच आहे. कागद, टाचणीची भोकं, समासातल्या हातच्या नोंदी बघायच्या आहेत असं स्पष्ट सांगा.

बॅग बाहेर, पाणी बाहेर, शाई बाहेर. हातमोजे बहुतेक ठिकाणी देत नाहीत. हात धुऊन कोरडे करून यायचं, कारण मोज्यांनी पान जास्त फाटतं. पुस्तिका फोमच्या उशीवर ठेवायची, सपाट दाबायची नाही. बऱ्याच पुस्तिका नंतरच्या मालकांनी एकत्र बांधून एकच जाड खंड केलेला असतो. तुम्हांला हवी असलेली मधली एक आहे म्हणून तेवढीच बघून परत करू नका. शेजारी काय बांधलं आहे ते उतरवून घ्या, त्या वाचकानं कुठल्या पुस्तिका एकत्र वाचल्या ते तिथे कळतं.

११. विकत घ्यायची हौस असेल तर

सावकाश. 'कॉमन सेन्स'ची खरी पहिली आवृत्ती तुमच्या-माझ्या ऐपतीतली नाही, आणि स्वस्तात मिळत असेल तर ती खरी नाही. जुन्या पुस्तिकांच्या हुबेहूब नकला पुष्कळ झाल्या आहेत आणि त्याही आता पिवळ्या पडल्यात. कागद उजेडासमोर धरा: त्या काळच्या कागदात जवळजवळ असलेल्या बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या दूरदूरच्या रेघा दिसतात. मात्र तसा कागद नंतरही बनत होता, तेव्हा एवढ्यावर पैसे मोजू नका. पानांची संख्या सूचीशी जुळवा, शेवटचं पान आणि सुरुवातीचं नुसत्या शीर्षकाचं पान गहाळ तर नाही ना ते बघा, आणि आधीचे मालक कोण याचा लेखी कागद मागा. ग्रंथालयाचा शिक्का असेल तर त्या ग्रंथालयानं ती रीतसर काढून टाकल्याची खूण हवीच. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर व्यवहार तिथेच थांबवा.